मॉडिफाय केलेली जुनी गाडी मिसिंग मारते, फटाके फोडते: जेट बदलायच्या आधी काय बघायचं

आधी मिसिंगची, म्हणजे इंजिनचा ठोका मध्येच चुकण्याची, लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच का ते कळेल.

चोक लावून पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चालू होते. गरम झाली की आयडलिंग वर-खाली व्हायला लागतं. सिग्नलला उभं राहिलं की आपोआप रेस चढते, नाहीतर गपकन बंद पडते. हळू चालवली तर काही नाही, पण अर्ध्याच्या पुढं थ्रॉटल दिला की क्षणभर गुदमरते आणि मग एकदम उचलते. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके. कधी कधी चार-पाच किलोमीटर गेल्यावर पेट्रोल संपल्यासारखी मरते आणि दहा मिनिटं थांबलं की परत पहिल्यासारखी. प्लग एकदा काढला तर पांढराफटक, पुढच्या वेळी काळाकुट्ट.

यातली दोन-तीन जुळत असतील आणि गाडी नुकतीच मॉडिफाय झाली असेल, म्हणजे एअर बॉक्स (हवा गाळणारा मूळ डबा) काढून उघडा कोन फिल्टर, नवा सायलेन्सर, दुसरी टाकी, रंगवलेली चेसिस यापैकी काही झालं असेल, तर हे तुमच्यासाठी. पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्यांची माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. गाडी बहुतेक स्प्लेंडर नाहीतर आरएक्स शंभर, मध्येच एखादी बुलेट किंवा यझदी. आणि प्रश्न ठरलेला: "दादा, कितीचा जेट टाकू?" जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा.

सध्या कितीचाच नको. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. उघडायच्या आधी गाडी नीट चालत होती ना? मग घोडं पेंड खातंय ते तुम्ही हात लावलेल्या जागेतच. काय काय बदललं ते एका कागदावर लिहून काढा, अगदी पेट्रोलच्या पाईपसकट. आणि मूळ एअर बॉक्स अजून भंगारात दिला नसेल तर तो परत बसवून एक चक्कर मारा. याला खर्च शून्य. मिसिंग गेलं तर हवा-पेट्रोलचं गणित बिघडलंय हे पक्कं झालं. नाही गेलं तर फिल्टर बिचारा निर्दोष आहे, जेट बदलून काहीही होणार नव्हतं. गाडी मुळातच फसफसत होती आणि तशीच उघडली असेल, तर मात्र आधी ती जुनी दुखणी काढा. ती या यादीने जाणार नाहीत.

टाकीतलं पेट्रोल

पहिली गाडी कुणाचीच ठरलेल्या वेळेत होत नाही. दिवाळीत उघडलेली गुढीपाडव्याला उभी राहते आणि तोवर टाकीच्या तळाशी जुनं पेट्रोल तसंच पडून असतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याला त्याचं कौतुक असणारच, पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोलच्या कॉकचं तोंडही तळाशीच.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरखाली (पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली) ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसतो का, गंजाची तांबडी पूड दिसते का, रंगाची पापुद्री दिसते का? दिसलं तर टाकी रिकामी करून धुवा, ताजं पेट्रोल घाला आणि मगच पुढं बोलू. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि ओ-रिंगही इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. पाईप बोटाने दाबून बघा. चिकट लागला तर बदला, चहा-वड्याच्या पैशात येतो.

टाकीचं झाकण

चार-पाच किलोमीटरवर मरणाऱ्या गाडीत मी पहिल्यांदा इथंच हात घालतो. पेट्रोल खाली उतरायचं तर तितकीच हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. टाकी रंगवताना पेंटर पुटीने ते भोक हमखास बुजवतो. दिसायला भारी म्हणून घेतलेल्या फॅन्सी झाकणांत तर ते कधी कधी नसतंच. मग टाकीत निर्वात होतं, पेट्रोल उतरायचं थांबतं, फ्लोट चेंबर रिकामा आणि गाडी ठप्प. तुम्ही कडेला थांबून मित्राला फोन लावेपर्यंत हवा कुठूनतरी झिरपते आणि गाडी परत चालू. मित्र येतो तेव्हा काही झालेलंच नसतं.

पुढच्या वेळी मरायला लागली की लगेच झाकण उघडा. 'सुस्स' आवाज आला आणि गाडी सुधारली तर रोग सापडला.

पेट्रोलची धार

झाकण बरोबर असेल तर कार्बोरेटरकडचा पाईप काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे आणि पडत राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन मग ठिबकायला लागली तर कॉकची जाळी तुंबलीय. इंजिन गार असताना, मोकळ्यावर करा, आणि जवळ बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला आधी लांब पाठवा.

टाकी बदलली असेल तर पाईपचा रस्ताही बघा. मिनी टाकीचं तोंड मूळ टाकीपेक्षा वेगळ्या जागी येतं, मग पाईप लांब घालतात आणि तो मध्येच वर चढून खाली उतरतो. त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकतो. पेट्रोल इथं फक्त उतारानेच जातं, ढकलणारा पंप नाही. पाईप आखूड करा, सतत उतरता ठेवा. मध्ये पारदर्शक फिल्टर घातला असेल तर तो इंजिनच्या फिन्सला टेकू देऊ नका.

हँडल फिरवा

सगळ्यात सोपी परीक्षा आणि कुणीच करत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलिंगवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं. रेस चढली तर थ्रॉटलची वायर आखूड पडतेय किंवा ताणली जातेय. गाडी अडखळली तर हेडलाइटच्या मागं वायरिंग चेंगरलंय. बुटकं हँडल लावल्यावर मूळ वायरी आणि केबल जास्त लांब होतात. त्या गुंडाळून कशातरी कोंबल्या की हेच होतं.

अर्थिंग: रंगाखाली दडलेला दोष

याच्यावर थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण यात लोकांचे महिने जातात आणि पैसे कार्बोरेटरवर.

चेसिस शिरोलीला नेऊन झकास पावडर कोटिंग करून आणता. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकसारखा जाड थर, त्यातून करंट जात नाही. इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी), सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), रेक्टिफायर, इंजिन यांचं अर्थिंग, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता, चेसिसमधूनच जातो. मूळ गाडीत बोल्टाखाली उघडं लोखंड होतं, आता कोटिंग आहे. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार संपर्क होतो म्हणून गाडी चालू होते. पण गरम झाली, थरथरली, की तो संपर्क तुटत-जुळत राहतो. हे मिसिंग कार्बोरेटरच्या मिसिंगसारखंच वाटतं. फरक ओळखायचा तर ऐका. पेट्रोल कमी पडणारी गाडी हळूहळू गुदमरते. करंट तुटणारी गाडी स्विच बंद-चालू केल्यासारखी झटका देते, आणि खड्ड्यात आपटली की जास्त. आपल्याकडं खड्डे शोधायला जावं लागत नाही.

तपासायला हातभर वायर पुरते. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट लावा. दुसरी वायर कॉइलच्या बोल्टापासून इंजिनला. मग चक्कर मारा. सुधारली तर दोष अर्थिंगचाच. कॉइलखालचा, इंजिनच्या एका माउंटिंगखालचा आणि अर्थिंगच्या वायरीच्या बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा. बसवल्यावर वरून थोडं ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाही.

तसंच रात्री अंधारात गाडी चालू करून प्लगच्या वायरीकडं बघा. निळ्या ठिणग्या इंजिनकडं उडताना दिसल्या तर वायर किंवा प्लगची कॅप फुटलीय. हात लावून खात्री करू नका, झटका जबर असतो.

जुन्या बुलेटला सीडीआय नसतो, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा संपर्क) असतो. तिथं पॉइंट साफ करून गॅप मापावा, आणि पॉइंटवर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदलावा.

प्लग काय सांगतो

आता प्लग. नवा घाला, जुन्याचं वाचन करत बसू नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवा. जिथं त्रास होतो त्याच थ्रॉटलवर थोडं अंतर चालवून क्लच दाबा, तिथंच इंजिन बंद करा, आणि गार होऊ देऊन प्लग काढा. आयडलिंगवर उभी करून काढलेला प्लग आयडलिंगचाच हिशेब देतो.

बिस्किटी रंग: छान. पांढरा: हवा जास्त, पेट्रोल कमी. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त. ओला काळा: पेट्रोलने भिजलाय किंवा तेल जळतंय. पांढऱ्यावर चांदीसारखे बारीक कण दिसले तर गाडी बंद करा, ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे.

कोन फिल्टर आणि हवा ओढणारे जोड

फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात वाका. मोठ्या भोकाच्या कडेला, बहुतेक खालच्या बाजूला, एक-दोन बारीक छिद्रं दिसतील. पेट्रोलमध्ये मिसळायची हवा तिथून जाते. स्वस्त कोन फिल्टरच्या रबराला आतून जाड ओठ असतो. फिल्टर पूर्ण आत ढकलला की तो ओठ नेमका या छिद्रांवर बसतो. हवा बंद, पेट्रोल जास्त, प्लग काळा, आणि मालक म्हणतो, "कोन फिल्टर लावल्यावर गाडी लीन (पेट्रोल कमी) होते म्हणतात, माझी रिच (पेट्रोल जास्त) कशी झाली?" रबर ब्लेडने छाटा किंवा फिल्टर थोडा बाहेर ओढून क्लिप आवळा.

दुसरी जागा कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधली. मूळ एअर बॉक्स कार्बोरेटरला मागून आधार द्यायचा. तो गेला की फिल्टरचं वजन लोंबकळतं आणि जोड उघडतो. इथून आत शिरलेली हवा कार्बोरेटरने मोजलेलीच नसते. आयडलिंग वर-खाली होण्याचं आणि रेस सोडल्यावर खाली न येण्याचं हे नेहमीचं कारण. गाडी आयडलिंगवर ठेवून साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा जोडावर मारा, फिल्टरमध्ये नको. रेस बदलली तर हवा तिथूनच. बरेच जण कार्ब क्लीनर मारतात. तो पेटतो आणि शेजारी सायलेन्सरचा तापलेला बेंड असतो, म्हणून मी पाणीच वापरतो. ओ-रिंग नवी घाला, मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर आणि हेडमधल्या नळीचं) तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. वरून एम-सील थापू नका. आज थांबेल, पण पुढच्या वेळी उघडताना तुम्हीच शिव्या द्याल.

माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला कोन फिल्टर घालूच नये. जुलैत इथला पाऊस आडवा येतो, फिल्टर भिजतो आणि गाडी भर रस्त्यात गुदमरते. सीटखाली मूळ एअर बॉक्स मावेल अशी मागची बाजू बांधता येते. सीव्ही कार्बोरेटरच्या गाडीत तर हा नाद सोडाच. त्याची पिस्टन निर्वातावर उचलली जाते आणि बॉक्समधल्या शांत हवेशिवाय ती नीट चालत नाही.

सायलेन्सरचा जोड

रेस सोडल्यावरच फटाके वाजत असतील तर आधी हेड आणि बेंड यांच्यातला गॅस्केट बघा. नवा सायलेन्सर लावताना जुनाच चेपलेला गॅस्केट वापरतात. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटतं. हातमोजा घालून ओल्या फडक्याने मागचं तोंड क्षणभर दाबा. जोडाकडून फुसफुस आली तर गॅस्केट बदला.

आरएक्सवाल्यांनो, पुंगळी (सायलेन्सरच्या आतली नळी) काढली की पिकअप वाढतो हा भ्रम आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या आकारातून परत येणारा दाब ताज्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये धरून ठेवतो. पुंगळी काढून आवाज वाढतो, ताकद गळते. फोर-स्ट्रोकला इतकं नुकसान नाही, पण मिश्रण पातळ (लीन) होतंच.

टॅपेट

हे फोर-स्ट्रोकसाठी. इंजिन पूर्ण गार असताना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मापा, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. एक्झॉस्टचं टॅपेट टाइट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि गाडी गरमवर किक घेत नाही. टकटक आवाज नको म्हणून टाइट करणारे पुष्कळ भेटतात. थोडा आवाज चालतो, जळलेला व्हॉल्व्ह चालत नाही.

आता कार्बोरेटर

इथवर सगळं स्वच्छ निघालं तरच उघडा. पहिलं काम सफाईचं. स्लो जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक केसाएवढं असतं. उजेडाकडं धरून आरपार दिसलं पाहिजे. बाइंडिंग वायर घालून भोक मोठं करू नका, स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेऱ्या बसतो ते मोजून लिहा. फ्लोट वाकलाय का, फ्लोटखालच्या निडलच्या टोकाला खाच पडलीय का ते बघा.

मग थ्रॉटलच्या मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. त्रास नेमका कुठल्या खुणेवर होतो त्यावरून भाग कळतो. अगदी सुरुवातीला, साधारण आठव्या भागापर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण जेट निडल (ही फ्लोटची निडल नव्हे, थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी). पाऊणच्या पुढं मेन जेट. अर्ध्या थ्रॉटलवर गुदमरणाऱ्या गाडीत मेन जेट बदलणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला मलम. तिथं निडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालवून बघा. माझा ठरलेला रस्ता शिवाजी पुलावरून वाघबीळकडं. चढाला पूर्ण थ्रॉटल ठेवला की मेन जेट आणि पेट्रोलची धार दोन्हींची परीक्षा होते. उतरताना रेस सोडून गिअरमध्ये आणली की फटाक्यांची. गावातल्या गावात, रंकाळ्याला चक्कर मारून ट्यूनिंग कळत नाही. तिथं गाडी पाव थ्रॉटलच्या वर जातच नाही.

इथं थांबा, मिस्त्रीकडं जा

टू-स्ट्रोकमध्ये बाहेरचा एकही जोड गळत नाही आणि तरी आयडलिंग आपोआप चढतं, किंवा पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होतं, तर क्रँकचे ऑइल सील गेलेत. इंजिन उघडावं लागतं. घरी नको, आणि तोवर गाडी पळवूही नका. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो, मागचं चाक अडकतं आणि माणूस पडतो.

किक हलकी लागते, प्लगवर चांदीचे कण, इंजिनमधून लोखंडी ठोका: तिन्हीपैकी एकही असेल तर ट्यूनिंग बंद. आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. प्लगचे आटे गेले असतील तर स्वतः टॅप मारू नका. उद्यमनगरात बुश घालून देणारे लेथवाले आहेत.

टाकीला झाळ मारायची असेल तर रिकामी टाकीसुद्धा घरी तापवू नका. पेट्रोल संपलं तरी वाफ राहते आणि टाकी फुटते. हे काम टाकीवाल्याचंच. चेसिस कापणं आणि जोडणंही वेल्डिंग येतं म्हणून करायचं काम नाही. जिगवर बसवून सरळ मापाने करणाऱ्याकडंच द्या, आणि चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर बदलामागे पाच हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा चेसिस किंवा इंजिन बदलायचं मनात असेल तर कापाकापीच्या आधी आरटीओत विचारून या, रंगकाम झाल्यावर नको.